उघड्या डोक्याची अक्षरं

वरूडच्या कॉन्व्हेंटात खुर्च्यांना पांढऱ्या खोळी होत्या.
"मम्मी बाहेर बसतील," म्हणाल्या.
बसले. हातांना अजून संत्र्याच्या मेणाचा वास.
दहा मिनिटांत दार उघडलं.
मुलगा गोड आहे, पण आमचा पोर्शन
त्याला झेपायचा नाही.
भूपेशनं जाता जाता पिवळ्या व्हॅनच्या धुळीत
बोटानं एक गोल काढला. बाकी काही नाही.

गावातल्या गुरुजींचं सोपं होतं:
"आठवीपर्यंत कोणी नापास करत नाई, वैनी.
बसू द्या मांगं. ढकलून देऊ."
ढकलतात ती बंद पडलेली गाडी.
माझं पोरगं बंद कुठं आहे?
रविवारी शेडमध्ये तो माल निवडतो,
मोठा, मधला, चुरी,
आणि मशीन चुकतं तिथून
"हे इकडलं नाई" म्हणत एक संत्रं उचलतो.

अमरावतीची शाळा चांगली होती. खोटं बोलणार नाही.
भिंतीवर हातांचे ठसे, वॉर्डनबाई मायाळू,
पत्र्याच्या पेट्यांवर नावं, ओळीनं चाळीस पलंग.
"जूनमध्ये सोडा, दिवाळीला न्या."
हे म्हणाले, इथं शिकवतात तरी.
मी पलंग मोजत होते.
रात्री पांघरूण फेकतो तो. चाळिसात कोणाला दिसणार?
परतीच्या एसटीत आम्ही भांडलो, दबक्या आवाजात.
तो मध्ये बसून तिकिटाची घडी घालत होता,
उलगडत होता, घालत होता.

मग नणंदेनं सांगितलं, नदीपलीकडं एक आहे,
जिल्हा परिषदेचीच. दोन खोल्या, एकोणीस पोरं,
कोवे मॅडम.

मॅडम ओट्यावर बसून पोषण आहाराचे तांदूळ पाखडत होत्या,
स्वयंपाकवाली आली नव्हती म्हणून.
माझ्याशी धड बोलल्या नाहीत.
त्याला म्हणाल्या, नाव लिही.
त्यानं जीभ बाहेर काढून फरशीवर खडूनं लिहिलं:
मूपेश धाटोळ.
मी बोलणार, तोच त्यांनी सुपातला हात वर केला.
"कोणतं अक्षर तरास देते रे तुले?"

हे त्याला कोणी विचारलं नव्हतं.
मीही नाही. मी चापट मारली होती,
एकदा पट्टीही.

"भ आन् ध उघड्या डोक्याचे," तो म्हणाला.
"म आन् घ टोपीवाले. मले मालूम हाय.
पण लिवाले बसलो का टोप्या अदलाबदल होते."

सातवी शिकले मी. रोज पेट्यांवर भाव लिहिते,
भ च्या डोक्यावर छप्पर नाही
हे बघितलं नव्हतं कधी.
तिथंच खडू घेऊन लिहून पाहिलं. खरंच नाही.

मॅडम हसल्या नाहीत.
"मंग नावाची टोपी आडनावाले दे," म्हणाल्या
आणि परत पाखडायला लागल्या.
त्याला वेळ लागला. चुलीवर आधण आलं तेवढा.

निघताना म्हणाल्या, "आधीच सांगते,
दोन वर्षांत माझी बदली हाय.
अशा पोरांचं मी कुठं शिकली नाई, चाचपडतच शिकवते.
आन् रपट्यावर पाणी असलं का पाठवू नका."

दोन वर्षं म्हणजे आमच्याकडं चार बहार,
आंबिया, मृग, आंबिया, मृग.
संत्र्याचं कलम फळायला पाच वर्षं मागतं.
दोनात जंबेरीचा खुंट मुळं धरतो फक्त,
वरून काही दिसत नाही,
येणारेजाणारे विचारतात, वाळलं का?

फॉर्मवर यांनी सही केली, रुसूनच.
मग न सांगता सायकलची सीट खाली केली.
अमरावतीचा कागद मी फेकलेला नाही,
गव्हाच्या कोठीखाली आहे.

काल शेडच्या पाटीखाली भूपेश उभा होता,
मान वर, ओठ हलत.
जेवायला हाक मारली तर म्हणाला,
"थांब न माय, टोप्या पाहून रायलो."