एन्झेच्या अलीकडे

माझं लग्न परदेशात झालं.
परदेश म्हणजे नदीपलीकडे.
आई अंगणातून कोंबड्यांवर ओरडली
तर मला इथे ऐकू यायचं.

पण मधे एन्झा, एन्झेवर पूल,
पुलावर रंग उडालेलं एक आडवं लाकूड,
आणि लाकडापाशी बसलेला पेद्राझी,
मोदेनाच्या ड्यूकचा जकातदार,
गुडघेदुखीनं बेजार.

पलीकडे पार्मात मीठ स्वस्त.
म्हणून आम्ही बायका माहेरी जायचो,
फार जायचो,
आणि येताना जड पावलांनी यायचो.
परकराच्या अस्तरात दोन शेर मीठ.
उन्हाळ्यात घामानं ते पाझरायचं,
मांड्या रात्रभर चुरचुरायच्या.

"पुन्हा पोटुशी का, झेलिंडा?"
पेद्राझी विचारायचा.
"हो."
"यंदाची ही सातवी खेप."
"देवाची कृपा."
तो लाकूड वर करायचा.
त्याच्याही घरी पोलेंटा
काही अळणी शिजत नव्हता.

मग साठ सालचा मार्च आला.
मत द्यायचं म्हणून आर्गांते न्हायला,
लग्नातला कोट चढवून
बँडच्या मागून चावडीवर गेला.
बायकांना मत नव्हतं. आम्ही खिडक्यांत.
परतल्यावर विचारलं, काय लिहिलंस?
"मला कुठे लिहिता येतं?
चिठ्ठी छापलेलीच होती."

एका सकाळी पुलावर ते लाकूड नव्हतं.
कुणी म्हणे तूरिनच्या हुकमानं गेलं,
कुणी म्हणे पेद्राझीच्या चुलीत.
तो स्वतः मात्र तिथेच येऊन बसायचा,
पगार नाही, टोपी नाही,
आणि महिनाभर आम्हीही
त्या जागी पोचलो की थांबायचो.
बैलसुद्धा थांबायचे.

पूर्वी 'अलीकडे' म्हटलं की हा काठ.
आता अलीकडे म्हणजे
नुसतं हल्ली, एवढ्यात.
पलीकडे कुठे गेलं
ते मला कुणी सांगितलं नाही.

मीठ? ते महागलं.
दोन्ही काठांवर सारखंच महागलं.
यालाच एकी म्हणतात,
आर्गांते म्हणायचा, आणि खोकत हसायचा.

पोराला वीस भरली तेव्हा
त्याच्या हातात बंदूक देऊन
त्याला खाली बाझिलिकाताला धाडलं.
तोही आपलाच देश, म्हणाले.
तीन वर्षं. दोन पत्रं.
दोन्ही दुसऱ्याच्या अक्षरात,
दोन्हींत मी खुशाल आहे.

परत आला तेव्हा एर्मेते बोलेना.
कार्तिकासारख्या थंडीत— छे,
त्या नोव्हेंबरात, चेस्टनट सोलताना,
वर न बघता त्यानं सांगितलं:

"डोंगरातली वाट होती, आई.
रानातल्या बंडखोरांना भाकर पोचवील
त्याला गोळी घाला, असा हुकूम.
एक बाई आली.
लेफ्टनंट आपसांत फ्रेंच बोलायचा,
आम्हाला दरडावायचा पुस्तकी भाषेत,
ती बोलत होती तिचं तिचं काहीतरी.
मला एक अक्षर कळलं नाही.
पण तिची चाल मला माहीत होती.
पाय जरा फाकलेले.
खाली दोन शेर. फार तर अडीच."

चेस्टनट चुलीत फुटला.

"मग?"

"मी म्हणालो, पोटुशी आहे, साहेब.
जाऊ द्या."

मी काही बोलले नाही.
उठून त्याच्या ताटात
एक चिमूट जास्त टाकली.
खाल्ल्या मिठाला जागावं, म्हणतात.
त्यानं कुणाचं खाल्लं होतं?
ड्यूकचं? राजाचं?
की माझ्या परकरातलं,
माझ्या घामात भिजलेलं?

नाक्याच्या खोपटात आता
कुणाच्या तरी कोंबड्या असतात.
पुलावरून जाताना मी अजून
त्या जागी क्षणभर थांबते.
त्या बाईला ते मूल
कधी व्हायचं होतं की नाही,
एवढंच मनात येतं,
आणि गुडघे दुखतात.