एकच कॅमेरा

पंखा बंद केला. त्याच्या वाऱ्यानंही ट्रायपॉड हलतो.
दांडिया बाजारातल्या तालमीचा हॉल,
एप्रिलचे साडेतीन,
आणि हितार्थ कॅरमबोर्ड छातीशी धरून उभा.
बोर्डाच्या पाठीवर काळ्या-पांढऱ्या घरांचा कागद.
रावपुऱ्यातल्या झेरॉक्सवाल्यानं न विचारताच
तो पानात बसेल एवढा आकसला;
तीस मिलिमीटरचं घर भरलं अठ्ठावीस पूर्णांक सात.
असू दे. लहान चालतं.
किती लहान, ते ठाऊक हवं.

डावीकडे. आता तिरका धर. वर, कोपऱ्यात,
अजून, अगदी कडेला.
कडेलाच तर भिंग खोटं बोलतं:
दाराची चौकट तिथं पोट सुटल्यासारखी दिसते,
आणि चौकट तर ओळंब्यात बसवलेली, जुन्या सागाची.
'हजी केटला, बेन?'
अजून बारा.
फोकसच्या कड्यावर मी चिकटपट्टी मारलीय,
आता त्याला कुणी बोट लावायचं नाही,
मीसुद्धा.

हैबतकाका शिर्के बाकावर बसून सगळं बघतायत.
उद्या त्यांनाच टिपायचंय:
पकड, तेढी, एखादी दसरंग जमलीच तर,
वय शहात्तर.
'दुसरा कॅमेरा कुठाय?'
मिळाला नाही, काका. एक बिघडला, एक अहमदाबादला गेलाय.
आणि एका डोळ्याला खोली कळत नाही,
जवळचं पोर अन् लांबचा पैलवान
त्याला सारखेच उंच.

बोलून गेले, मग जीभ चावली.
काकांचा डावा डोळा एकोणऐंशी सालापासून काचेचा.

ते हसले नाहीत. रागावलेही नाहीत.
थर्मास उघडला, कप पुढे ओढला,
तर्जनी काठाच्या आत टेकवली
आणि बोटाला चटका बसेपर्यंत चहा ओतला.
थेंब सांडला नाही.

'उडीआधी खांबाला हात लावायचो मी.
पोरं म्हणायची, गुरुजी नमस्कार करतात.
तीही करायला लागली. आता त्यांची पोरं करतात.
अगं, मी अंतर घेत होतो.
एक हात, तिथून मागे चार पावलं.
मग खांब जातोय कुठं?'
चहा फुंकला.
'नमस्कारही असेल म्हणा. एवढ्या वर्षांत
काय कशात मिसळलं, कोण निवडत बसणार.'

हात हललेली अकरा चित्रं मी काढून टाकली.
उरलेल्यांवर हिशेब झाला:
सरासरी चूक अर्ध्या पिक्सेलहून कमी.
हितार्थनं बोर्ड भिंतीला टेकवला, मनगटं झाडली.
पण हे सगळं भिंगापुरतं.
जागेचं एक माप अजून लागतं,
खरं, टेपनं घेतलेलं.

काका उठले. खांबाला तळवा लावला,
एरंडेलानं काळा पडलेला तो भाग, खांद्याच्या उंचीचा.
मग मागे, न बघता,
एक, दोन, तीन, चार.
मी टाचेशी खडूची रेघ ओढली. टेप लावली.
दोन मीटर चौदा.

'तिथं नाही,' ते म्हणाले,
आणि पायानं दाखवलं मागं, शहाबादी फरशीत
छिन्नीनं मारलेली एक आडवी खूण,
धूळ भरून बुजत आलेली.
तीन मीटर दोन.

वहीत मी दोन्ही आकडे लिहिले.
उद्या कुठून, ते विचारलं नाही.
हितार्थनं पंखा लावला.
खडू उडाला थोडा.