चूक पुन्हा कशी दिसेल

कंपनीने विचारलंय : चूक पुन्हा कशी दिसेल,
पायऱ्या लिहा.

एक. फाइल उघडा.
दोन. मामा तलाव, पातळी, जून ते जून.
तीन. आलेख मोठा करा.
चौदा ऑक्टोबरपाशी रेघ तुटते
आणि शून्याखाली जाते,
थेट गाळात.

तक्त्यातले आकडे मात्र बरोबर आहेत.
दसरू कोहळेने ते पट्टीवरून वाचलेत
रोज सकाळी, कमरेइतक्या पाण्यात उभं राहून.

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवली.
बराच वेळ पाहून राहिला.
मग म्हणाला,
"त्या दिसी पोरगी बाळंत झाली जी.
गेलोच नाई तलावावर.
अंदाजानं लिवून देल्लं."

सिंदेवाहीत लाइट गेली.
लॅपटॉप अकरा टक्क्यांवर.
चौथी पायरी
लिहायची राहिली आहे.