लगामाला हात

फोन खोगिराच्या पिशवीत नको ठेवूस.
तू पडलीस तर घोडा फोन घेऊन घरी येईल
आणि रिंग वाजत राहील तबेल्यात, गवताच्या भाऱ्यापाशी.
अंगावर ठेव. पोटाशी, पट्ट्यात.
हे मला बोस्त्यांवने सांगितलं,
जो स्वतः फोन वापरत नाही.

रिवणच्या वर, बंद खाणीच्या रस्त्याने
आम्ही जातो, मी आणि काजरा.
पुण्याच्या रेसकोर्सवरून निवृत्त, डाव्या डोळ्याने जरा अधू,
नाव बोस्त्यांवनेच ठेवलेलं, कडू झाडाचं.
ट्रक थांबून वर्षं झाली
तरी धूळ अजून लालच,
रोज घोड्याच्या पोटाला चिकटून घरी येते.

गेल्या शिगम्यानंतर दोघे होते त्या वळणावर.
मोटारसायकल आडवी, तोंडाला रुमाल.
एकाने सरळ लगामाला हात घातला
जशी कुणाच्या गाडीची चावी काढून घ्यावी.
"उतर," म्हणाला. एवढंच.
इतक्या साध्या आवाजात
की मी रिकिबीतून एक पाय काढलासुद्धा.
कोणी उतर म्हटलं की उतरायचं,
हे मी कुठे शिकले कोण जाणे.

ओढू नकोस, बोस्त्यांव म्हणायचा,
ओढाओढीत नेहमी जमिनीवरचा जिंकतो.
घोड्याचा खांदा म्हणजे चालती भिंत.
ती त्याच्या अंगावर ने.

मी डावी टाच दाबली.
काजरा एक पाऊल आडवा सरकला,
एकच,
आणि तो माणूस करवंदीच्या जाळीत बसला.
मग आम्ही पळालो. शौर्य वगैरे काही नाही,
पळालो,
मोकळी रिकीब घोट्यावर आपटतेय,
मुठीत आयाळ,
आणि माझ्या तोंडून देवाच्या नावाऐवजी
बोस्त्यांवच्या पोर्तुगीज शिव्या.

चौकीत विचारलं, एकट्या कशाला जाता?
म्हटलं, एकटी नव्हते.
हवालदाराने मान खाली घालून लिहिलं:
सोबत – घोडा.

तेव्हापासून वेळ बदलते, वाट बदलते.
जाताना सगुणबाबच्या दुकानात सांगून जाते.
तो पावाच्या उधारीखाली खडूने लिहितो
"घोडेवाली, साडेसहा"
आणि मी आले की थुंकी लावून पुसतो.
काजऱ्याच्या कानांकडे बघायला शिकले.
दोन्ही पुढे: माकडं असतील, गवा असेल.
एक पुढे, एक माझ्याकडे:
तो विचारतोय, तुला दिसलं का?

काल दिवे लागायच्या वेळी तसाच एक कान माझ्याकडे वळला.
वळणावर माणूस. हातात कोयता.
दुसरा हात वर.
मी विचार नाही केला. टाच केला.
खांदा वळला, भिंत निघाली,
तो मागे सरकता सरकता चरात पडला
आणि पडल्या पडल्या ओरडला,
"बाये, फुडें वचूं नाका! फांस लायला!"

दहा पावलांवर, वाळक्या पानांत, तार.
क्लचची. रानडुकरासाठी लावलेली,
काजऱ्याच्या घोट्याला बरोबर येईल अशी.

त्याचा गुडघा सोललेला होता.
अंगाला काजूच्या बोंडांचा आंबूस वास.
खुशाली वेळीप, नाव नंतर कळलं.
तो माझ्यावर चिडला नाही,
त्यापेक्षा चिडला असता तर बरं झालं असतं.
घोड्याकडे बघून म्हणाला, "बरो शिकयला."
मी काय बोलणार?

कोणी उतर म्हटलं नव्हतं.
तरी उतरायला मला बराच वेळ लागला.
तारेचं एक टोक मी ताणून धरलं,
त्याने कोयत्याने तीन घाव घातले,
चौथ्याला ती तुटून माझ्या मनगटाला चाटून गेली.

तेवढ्यात पोटाशी फोन थरथरला.
सगुणबाब. सात वाजायला आले म्हणाला, कुठे आहेस?
आहे, म्हटलं. येते.
मागे वळून बघते तर
काजऱ्याने वेळीपची बोंडांची टोपली निम्मी संपवली होती
आणि त्याचे दोन्ही कान
अगदी सैल, बाजूला पडलेले.