वीस ग्रॅम

आर्मिंदाबायच्या जेवणाच्या टेबलावर
आज जेवण नाही.
बेकरीचे उघडून सपाट केलेले खोके,
चहाच्या पुड्यांतला चंदेरी कागद,
माझ्या पुतणीच्या लग्नातल्या उरलेल्या पत्रिका.
गणपती आत घडीत जाईल, म्हणाली,
त्यालाही जरा विश्रांती.
गव्हाच्या पिठाची खळ, अजून कोमट,
आणि कात्री, जिने काल बांगड्यांची शेपटं कापली.

मला ती पोस्टमास्तर म्हणते.
मास्तर मी कधीच नव्हतो.
एकतीस वर्षं म्हापशात शिक्के मारले,
डिसेंबरात उजवा हात
झोपेतही वर-खाली व्हायचा.
तरी तिला वाटतं, पत्रं माझं ऐकतात.

पंखा लावला की तारे उडतात, म्हणून बंद.
बनियन पाठीला चिकटलेलं.
मी पाच टोकांचे तारे कापतोय,
पहिल्या दहांतले सात लंगडे.
"आसूं दी," ती म्हणते,
"लंगड्यांनाही बेथलेहेम सापडतं."

तिची नात झीना विचारते, बर्फ कसा करायचा?
या घरात बर्फ दोघांनीच पाहिलाय.
हिनं मासळीच्या पेटीत, भुसा लागलेला,
आणि लिव्हियोनं, स्विंडनला,
रात्रपाळीला निघताना.
कापूस लावूया, झीना म्हणते.
नको, मी म्हणतो, जड होईल.
वीस ग्रॅमच्या वर गेलं की तिकीट वाढतं.

मग मिठाची बरणी आली.
हडफड्याच्या आगरातलं, गेल्या वैशाखातलं,
करडं, जाड,
आता फारसं कुणी विकत घेत नाही असलं मीठ.
आगरापलीकडे हॉटेलाचे निळे दिवे रात्रभर नाचतात,
वाफ्यांतल्या पाण्याला झोप नाही.
ओल्या खळीवर तिनं चिमटीनं भुरभुरलं,
इगर्जीच्या छपरावर, गोठ्यावर, दोन माडांवर,
आणि हडफड्यात बर्फ पडला.

दुपारपर्यंत वितळलासुद्धा.
हवा दमट, मिठाला पाणी सुटलं,
इगर्जी ओघळली,
बाळ येशूच्या गोठ्याला गळती लागली.
झीना रडायच्या बेतात,
आणि आर्मिंदाबाय हसत सुटली, अशी हसली
की चुलीवरचं दोदोल ढवळायचं राहिलं
आणि तळाला लागलं.

कार्डं सुपात घालून उन्हात ठेवली,
सुक्या सुंगटांच्या शेजारी.
संध्याकाळी कडक झाली, थोडी वासासकट.

पत्ते मी लिहिले. अक्षर माझं बरं.
कुवेत, लिस्बन, एका बोटीचं नाव,
बारावं रस्त्यापलीकडच्या तिच्या बहिणीला.
विहिरीवरून नऊ वर्षं बोलणं नाही.
दहा पावलं आहेत, मी म्हटलं, झीना देऊन येईल.
"पोस्टानंच."
म्हणजे ते म्हापशाला जाणार,
शिक्का खाणार,
आणि तिच्याच दारावरून परत येणार.

माझ्याकडे जुना टपाली काटा आहे,
निरोपाला मिळालेला नाही,
भंगारवाल्याकडून मीच विकत घेतलेला.
लिव्हियोचं कार्ड बावीस भरलं.
मीठ थोडं खरवड, मी म्हटलं.
तिनं कार्ड उघडलं, आतलं पान पाहिलं,
काल रात्री बसून लिहिलेल्या अकरा ओळी,
आणि कात्री घेऊन पान मुळापासून कापलं.
"बोलायचं ते फोनवर बोलेन.
मीठ राहूं दी."
एकोणीस.

बहिणीकडून अजून काही नाही.
तिच्या खिडकीत यंदा नखेत्र मात्र
रस्त्याच्या बाजूला टांगलंय,
आधी मागच्या अंगणात असायचं.
त्यावरून काही म्हणता येत नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात फोन आला.
कार्ड पोचलं, म्हणाला लिव्हियो.
तारा सुटलाय, मीठ सगळं पाकिटाच्या तळाशी.
मग? तिनं विचारलं.
मग काही नाही.
त्या रात्री पेज केली होती,
तीत घातलं.