आठ जांभळे

फोन टेकवलेला सोल्युशनच्या डब्याला,
खाली रबराचा तुकडा, घसरू नये म्हणून.
इकडे रात्रीचे आठ, तिकडे अजून ऊन.
धामणी फाट्यावर माझं पंक्चरचं दुकान,
समोर एक बाक, त्यावर मावतील तेवढी माणसं,
आणि कुठल्याशा परक्या डोंगरावर
आठ जांभळे, एकामागे एक,
शिलाई मशीनची टीप जशी.

दहा दिवस झाले, तेच पुढे.
कोणी पळून गेला चार मिनिटं, सहा मिनिटं,
तरी घाई करत नाहीत.
गुरं सांजेला घरी येतीलच
अशा भरवशानं गुराखी चालतो, तसे चालतात
आणि शेवटच्या तीन किलोमीटरला
गिळतात त्याला.

त्या पळणाऱ्याला आम्ही 'आपला' म्हणतो.
परवा दाढीवाला होता, काल एक पोरगेला.
नाव एकाचंही उच्चारता येत नाही.
शेषराव ठवकर त्याच्यावर खर्रा लावतात
आणि रोज हरतात.
"तेच जिंकते तर पाहाचं कायले?"
म्हणतात, आणि बाक अजून पुढे ओढतात.

गुलाब उईके म्हणतो, पैसा हाये बाप्पा,
एका सायकलीत आपली पाण्याची टाकी बांधून होते.
देवमन म्हणतो, टोचत असतीन काही,
कपाशीवर आपण टॉनिक मारतो ना, तसं.
"मंग तुह्या कपाशीनं कोणाले मागं टाकलं?"

मी बोलत नाही.
टबात ट्यूब बुडवते, वीत वीत फिरवते.
हवा कुठून तरी जातेच.
न गळणारी ट्यूब माझ्याकडे
कोण कशाला आणेल?
आम्ही दहा दिवस त्या आठांना पाण्यात धरून आहोत,
बुडबुडा येत नाही.

त्यांच्या बाजूचा एकटा अल्ताफ, नववीतला.
पोळ्याला शिंगं रंगवून उरलेल्या रंगानं
त्यानं मडगार्ड जांभळं केलंय.
"काऊन बे? जिंकणाऱ्याचा तं कोणीबी होते."
"काका, आमची कबड्डीची टीम
दरसाली पहिल्याच फेरीत घरी येते.
कुठं तरी जिंकू द्या ना मले."

अकराव्या रात्री, उतारावर, एका ओल्या वळणाला
पहिला जांभळा घसरला.
आम्ही मागितलं होतं तेच झालं.
कोणी ओरडलं नाही.
खर्रा घोटणारा हात थांबला.
हिंगणघाटची शेवटची एसटी फाट्यावर उभी राहिली,
कोणी उतरलं नाही, गेली.
तो रस्त्यावर बसलेला, कोपर धरून,
चाक अजून फिरत होतं.
शेषरावांनी फोनजवळ तोंड नेलं.
"उठ ना बे."
हळू. बसल्या बैलाला म्हणतात तसं.

तेव्हा मागचा एक जांभळा थांबला, सातवा,
जो अर्धा डोंगर ओढतो आणि बाजूला होतो,
मग कॅमेऱ्यात दिसत नाही.
त्यानं स्वतःची सायकल दिली.
मी मोजलं, नऊ सेकंद.
मला नुसतं चाक काढायला चार मिनिटं लागतात,
तेही नट जाम नसला तर.
पहिला गेला.
सातवा कडेला उभा, वाकडं चाक हातात,
गाडीची वाट पाहत.
कॅमेरा निघून गेला.

त्या रात्री 'आपला' जिंकला, वीस सेकंदांनी.
शेषरावांना पाच खर्रे आले.
न मोजता खिशात टाकत ते म्हणाले,
"तो सातवा कितवा आला?"
अल्ताफ अंगठ्यानं यादी सरकवत राहिला,
खाली, अजून खाली.
"एकशे एकतिसावा."

दुसऱ्या दिवशी जांभळे पुन्हा पुढे,
आमच्या शिव्या पुन्हा सुरू.
फक्त आधी शेषराव बोट ठेवून
काचेवर मोजून घेतात,
सहा, सात, आठ.
"हाये," म्हणतात,
आणि मग रागावतात.