बटण दाबून धरायचं

आठ, दहा, बारा, चौदा, अठरा.
वाशीच्या सतरा सेक्टरात गालाशेठने
काचेवर ओळीने मांडल्या दुर्बिणी
आणि म्हणाला, काका, मोठा आकडा सगळ्यांनाच हवा असतो.

मी अठरापट उचलली.
रस्त्यापलीकडच्या दातांच्या दवाखान्याची पाटी
अंगावर झेपावली आणि नाचायला लागली.
वेळ सायंकाळी पाच ते,
पुढचं वाचता येईना.
तीस वर्षं ठाणे-बेलापूर पट्ट्यात
प्रेशर गेजचे काटे शून्यावर आणून दिले मी,
मला न सांगता कळलं काय चाललंय:
वस्तू अठरापट जवळ आणली
की हाताचा कंपही अठरापट जवळ येतो.

"आता वरचं बटण दाबा. दाबून धरा."

पाटी थांबली.
पाच ते नऊ. रविवारी बंद.
खालच्या कोपऱ्यात रंगात अडकून वाळलेली माशी.

हात थांबला नव्हता, हे नीट लक्षात घ्या.
हात हलतच होता. आतलं भिंग तेवढं
मी जिकडे ढळेन त्याच्या उलट,
ढळेन तेवढंच, झुकत होतं.
(मालन असं करायची, चारचौघांत,
मी काही वाकडं बोलून गेलो की.
पण ते दुकानात उभं राहून कशाला आठवायचं.)

अठरापट नाही घेतली. सव्वा किलोच्या आसपास वजन,
मानेनेच नाही म्हटलं.
चौदा गुणिले चाळीस घेतली.
चाळीस भागिले चौदा,
जेमतेम तीन मिलिमीटरचं उजेडाचं नाणं
मागच्या भिंगातून बाहेर पडतं.
माझी बाहुली रात्री अजून तेवढी उघडते.

फेब्रुवारीत ऐरोलीच्या खाडीत
हसुरामने इंजिन बंद केलं.
ओहोटीचा चिखल, आणि चिखलावर
माना खाली घालून रोहित, किती ते मोजू नयेत असे.
होडी डुलते तेव्हा यंत्राचीही थोडी तारांबळ होते,
चित्र तेलावर तरंगल्यासारखं सरकतं,
पण एका पायावरचं पिवळं कडं मी धरलं,
धरून ठेवलं:
काळी अक्षरं, ए, मग एच, मग शून्य,
की ओ?
पक्ष्याने पाय चिखलात घातला.

"केवऱ्याला घेतलास?"
मी निम्मी किंमत सांगितली.
त्याने डोळ्याला लावली, बटण बिटण न दाबता,
आणि परत दिली.
"तो डावीकरचा लंगरतोय. मंगाशीच दिसला."
मी शोधला. लंगडत होता.

रात्री गच्चीवर प्लास्टिकच्या खुर्चीत
कोपरं हातांवर टेकवून बसतो.
घणसोलीकडून पिवळट उजेड वर चढतो,
तारे थोडेच उरतात, पण गुरू उरतो.
दाबलं. गुरू एवढासा, गोल,
आणि त्याच्या रेषेत टाचणीची टोकं:
एका बाजूला तीन, एका बाजूला एक.
श्वास घ्यायचा राहून जातो.

मग बोट दुखलं म्हणून बटण सोडलं
आणि गुरूने काळ्यावर एक झोकदार वेलांटी काढली,
तिला शेपूट, शेपटाला गाठ.
ओळखीची वाटली.
गेल्या महिन्यात बँकेने
सही जुळत नाही म्हणून परत पाठवलेला चेक,
त्याच्यावरची माझी सही, तीच.
डॉक्टर म्हणतात गोळी बदलून पाहू.

बराच वेळ सोडूनच ठेवलं बटण.
इतकी सुरेख, एवढी मोठी सही
कुणी करू दिली नव्हती मला.

पुन्हा दाबलं. तीन आणि एक.
काल दोन आणि दोन होते बहुतेक.
वहीत टिपून ठेवायला हवं होतं.
ऋता, वर ये जरा, पेन घेऊन ये.
मी सांगतो, तू लिही.